ओक्लाहोमा सिटीपर्यंतची वाट: अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला सॉफ्टबॉल अजिंक्यपद स्पर्धा समजून घेताना

महाराष्ट्रात सॉफ्टबॉल हा अनोळखी खेळ नाही. शालेय क्रीडा स्पर्धांपासून आंतरविद्यापीठ स्पर्धांपर्यंत तो खेळला जातो आणि या खेळातील अनेक मुलींना राज्य शासनाचा शिवछत्रपती क्रीडा पुरस्कार मिळालेला आहे. तरीही अमेरिकेतील विद्यापीठांचे महिला सॉफ्टबॉल मराठी वाचकापर्यंत फारसे पोहोचलेले नाही. तिकडे शिकायला गेलेले विद्यार्थी आपल्याच विद्यापीठाचा संघ मे महिन्यात कशासाठी झुंजतो आहे हे पुष्कळदा जाणून घेत नाहीत, आणि तिकडे स्थायिक झालेल्या ज्या मराठी कुटुंबांतील मुली गावातल्या लीगमध्ये हा खेळ खेळतात, त्यांच्या पालकांना या स्पर्धेचा मेळ लागायला वेळ लागतो. हा लेख अशा नवख्यांसाठी आहे. खेळाचे सगळे नियम पाठ करून मग स्पर्धा पाहायला बसावे असे मी सुचवणार नाही. दोनच गोष्टी नीट समजल्या, तर बाकीचे सारे सामने पाहता पाहता कळत जाते: स्पर्धेचे कोष्टक कसे वाचायचे आणि पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूचा, वापर कसा पाहायचा. म्हणून या दोन पायऱ्यांवर मी जास्त थांबणार आहे.

पहिली पायरी: कोणती स्पर्धा, कोणाची, केव्हा

अमेरिकेतील बहुतेक मोठ्या विद्यापीठांच्या क्रीडा स्पर्धा एनसीएए ही संघटना घेते. तिचे तीन विभाग आहेत आणि प्रत्येक विभागाची स्वतःची सॉफ्टबॉल अजिंक्यपद स्पर्धा असते. तिसऱ्या विभागातील महाविद्यालये खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, तरीही तेथील खेळाची चुरस पाहण्यासारखी असते. या लेखात मात्र पहिल्या विभागाचाच विचार केला आहे. त्या स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्याला विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीज म्हणतात. नावात जग असले तरी खेळतात ती अमेरिकन विद्यापीठेच.

ही स्पर्धा एनसीएएने हाती घेण्याआधीपासूनची आहे. १९६९ मध्ये नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथे ती पहिल्यांदा झाली आणि पहिली तिन्ही विजेतेपदे त्याच राज्यातील जॉन एफ. केनेडी कॉलेज या छोट्या महाविद्यालयाने मिळवली. शिक्षणात स्त्री-पुरुष भेदभावाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा १९७२ मध्ये आला आणि विद्यापीठांना मुलींच्या खेळांकडे लक्ष द्यावे लागले. एनसीएएने ही स्पर्धा १९८२ पासून आपल्याकडे घेतली. त्या वर्षी यूसीएलए, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाचा लॉस एंजेलिस येथील संघ, विजेता ठरला. १९९० पासून, १९९६ चा एक अपवाद सोडता, अंतिम टप्पा ओक्लाहोमा सिटीतच होत आला आहे. तेथील मैदानाला आता डेव्हन पार्क म्हणतात आणि त्यात सुमारे १३ हजार प्रेक्षक बसतात.

हंगाम फेब्रुवारीच्या सुरुवातीला उघडतो. नियमित हंगामात एका संघाला जास्तीत जास्त ५६ सामने खेळता येतात. मे महिन्याच्या पूर्वार्धात प्रत्येक कॉन्फरन्सची, म्हणजे विद्यापीठांच्या गटाची, आपापली स्पर्धा होते आणि त्यानंतरच्या रविवारी राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडलेल्या ६४ संघांची यादी जाहीर होते. नवख्याने आपल्या दिनदर्शिकेत आधी हा रविवार लिहून ठेवावा. तेथून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत साधारण चार आठवडे स्पर्धा चालते. आपल्याकडील आंतरविद्यापीठ स्पर्धा एका ठिकाणी काही दिवसांत आटोपते. त्या मानाने हा पल्ला लांबचा आहे आणि सुरुवातीला पाहणाऱ्याचीही दमछाक होऊ शकते. पहिल्या वर्षी सगळे पाहण्याचा हट्ट न धरलेला बरा.

दुसरी पायरी: सामना पाहण्यापुरते नियम

सामना सात डावांचा असतो. प्रत्येक डावात दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात आणि तीन गडी बाद झाले की फलंदाजी बदलते. पाच डाव पूर्ण झाल्यावर एक संघ आठ किंवा त्याहून अधिक धावांनी पुढे असेल, तर सामना तेथेच थांबतो. बरोबरी झाल्यास जादा डाव खेळले जातात.

मैदानाची मापे लक्षात ठेवावीत, कारण या खेळाची सगळी घाई त्या मापांत आहे. दोन बेसमधील, म्हणजे धाव पूर्ण करताना गाठायच्या टप्प्यांमधील, अंतर ६० फूट असते आणि महाविद्यालयीन महिला सॉफ्टबॉलमध्ये पिचर बॅटरपासून ४३ फुटांवरून चेंडू टाकते. बेसबॉलमध्ये हेच अंतर साडेसाठ फूट आहे. चेंडूचा घेर १२ इंच असतो आणि रंग डोळ्यांत भरणारा पिवळा. नामांकित पिचरचा चेंडू ताशी ७० मैलांच्या, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटरच्या, आसपास येतो. एवढ्या जवळून या वेगाने आलेला चेंडू खेळायचा की सोडायचा हे ठरवायला बॅटरला अर्धा सेकंदही मिळत नाही. हवेतला वेग पाहून ज्यांना हा खेळ सौम्य वाटतो, त्यांनी अंतर विचारात घेतलेले नसते.

पिचर हाताचे पूर्ण वर्तुळ करून कमरेजवळून, खालून, चेंडू सोडते. चेंडू तिच्या हातातून सुटेपर्यंत धावणाऱ्या खेळाडूला बेस सोडता येत नाही. बेसबॉल पाहिलेल्यांनी हा फरक विशेष ध्यानात ठेवावा. तेथे धावपटू आधीच चार पावले पुढे सरकून उभा असतो, येथे बेस चोरायचा तर सुटण्याचा क्षण अचूक साधावा लागतो.

महाविद्यालयीन सामन्यात नवख्याला गोंधळात टाकणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली अशी, की सुरुवातीच्या संघातील खेळाडू बाहेर गेली तरी तिला एकदा परत येता येते, आणि तेही फलंदाजीच्या क्रमातील आपल्याच जागी. त्यामुळे तिसऱ्या डावात वेगवान धावपटूला जागा देऊन गेलेली कॅचर चौथ्या डावात पुन्हा यष्टिरक्षणासारख्या आपल्या कामाला बसलेली दिसली, तर पंचांचे लक्ष नव्हते असे समजू नये. दुसरी गोष्ट म्हणजे एखाद्या खेळाडूच्या, बहुधा पिचरच्या, वाट्याची फलंदाजी करणारी वेगळी खेळाडू. तिला डेझिग्नेटेड प्लेअर म्हणतात, आणि जिची फलंदाजी ती करते तिला फ्लेक्स म्हणतात. फ्लेक्सचे नाव संघाच्या यादीत दहाव्या क्रमांकावर असते. एवढे समजले तरी पुरे आहे. या नियमाच्या पोटनियमांत शिरण्याची पहिल्या वर्षी गरज नाही.

डावखुऱ्या बॅटरकडे मात्र मुद्दाम पाहावे. काही डावखुऱ्या खेळाडू चेंडू येत असतानाच पहिल्या बेसच्या दिशेने पाय टाकत बॅट लावतात. याला स्लॅप म्हणतात. डाव्या बाजूने उभी राहिलेली बॅटर पहिल्या बेसला मुळातच एक-दोन पावले जवळ असते, त्यात ती धावतच चेंडू मारते. शॉर्टस्टॉपने, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाने, चेंडू अडवून क्षणभर जरी हातात घोळवला, तरी बॅटर सुखरूप पोहोचलेली असते. होम रनचे व्हिडिओ सगळीकडे फिरतात, पण संघ सामन्याच्या ताणात कसा वागतो हे स्लॅप आणि बंटच्या (बॅट न फिरवता चेंडू हलकेच टेकवण्याच्या) वेळी इनफिल्डची, म्हणजे बेसजवळच्या क्षेत्ररक्षकांची, जी धावपळ होते तिच्यात अधिक स्पष्ट दिसते, असे माझे मत आहे.

तिसरी पायरी: कोष्टक वाचायला शिकणे

आपल्याकडे बहुतेक स्पर्धा साखळी किंवा बाद पद्धतीच्या असतात. त्यामुळे ‘हरला तो गेला’ हे गणित डोक्यात पक्के बसलेले असते. या स्पर्धेत ते बाजूला ठेवावे लागते. येथे मुख्य टप्पे दुहेरी बाद पद्धतीने खेळले जातात, म्हणजे संघ दोनदा हरल्यावर बाहेर पडतो.

निवडलेल्या ६४ संघांपैकी सुमारे निम्मे आपापल्या कॉन्फरन्सचे विजेते म्हणून आपोआप येतात आणि उरलेले निवड समिती घेते. समिती पहिल्या १६ संघांना मानांकन देते. निवडीच्या चर्चेत आरपीआय हा शब्द वारंवार येईल. संघाची स्वतःची जिंकण्याची टक्केवारी त्यात एक चतुर्थांश मोजली जाते, प्रतिस्पर्ध्यांची टक्केवारी निम्मी आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची उरलेली एक चतुर्थांश. म्हणजे दुबळ्या संघांना हरवून नुसती विजयांची संख्या फुगवली, तर फारसा उपयोग होत नाही. फेब्रुवारीत बलाढ्य संघ दूरवर जाऊन एकमेकांशी का खेळतात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

पहिला टप्पा रीजनलचा. सोळा विद्यापीठांच्या मैदानांवर प्रत्येकी चार संघ जमतात. पहिल्या दिवशी दोन सामने होतात. दुसऱ्या दिवशी जिंकलेले दोघे एकमेकांशी खेळतात आणि हरलेले दोघे एकमेकांशी. या हरलेल्यांच्या सामन्यात जो पुन्हा हरेल त्याचा हंगाम संपला. जो जिंकेल त्याला त्याच दिवशी आणखी एक सामना खेळावा लागतो, आणि तो जिंकलेल्यांच्या सामन्यात पराभूत झालेल्या संघाशी. तिसऱ्या दिवशी एकही पराभव न झालेला संघ आणि खालून वर आलेला संघ समोरासमोर येतात. अपराजित संघाला एकच विजय पुरतो. खालून आलेल्याला लागोपाठ दोन विजय लागतात. वेळापत्रकात शेवटच्या सामन्यापुढे ‘गरज पडल्यास’ असे का लिहिलेले असते, ते यावरून कळेल.

दुसरा टप्पा सुपर रीजनलचा. उरलेले सोळा संघ दोघा-दोघांच्या जोड्यांत तीनपैकी दोन सामने जिंकण्यासाठी खेळतात. आठ विजेते ओक्लाहोमा सिटीला जातात. तेथे चार-चार संघांचे दोन गट पुन्हा दुहेरी बाद पद्धतीने खेळतात, आणि दोन्ही गटांचे विजेते तीन सामन्यांच्या अंतिम मालिकेत भेटतात. अंतिम फेरीची ही तीन सामन्यांची रचना २००५ पासून आहे. त्या पहिल्याच मालिकेत मिशिगनने यूसीएलएला हरवले आणि मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील विद्यापीठाने प्रथमच हे विजेतेपद मिळवले.

ही पद्धत प्रत्यक्षात काय करते हे समजण्यासाठी २०२१ ची स्पर्धा अभ्यासावी. मला स्वतःला यापेक्षा चांगले उदाहरण माहीत नाही. त्या वर्षी व्हर्जिनिया राज्यातील जेम्स मॅडिसन विद्यापीठाचा संघ मानांकनाशिवाय ओक्लाहोमा सिटीपर्यंत आला होता. पहिल्या सामन्यात त्याने अग्रमानांकित ओक्लाहोमाला आठव्या डावात ४-३ असे हरवले. त्यांची पिचर ओडिची अलेक्झांडर त्या आठवड्यात देशभर माहीत झाली. साध्या बाद पद्धतीत ओक्लाहोमाचा संघ त्या दुपारी घरी गेला असता, आणि त्यांचे घर तर जवळच, शहरालगतच्या नॉर्मन येथे आहे. पण ते खालच्या कोष्टकात गेले. तेथे त्यांनी जॉर्जियाला हरवले, मग यूसीएलएला हरवले आणि ते पुन्हा जेम्स मॅडिसनसमोर उभे राहिले. आता त्यांना दोन विजय हवे होते आणि जेम्स मॅडिसनला एकच. ओक्लाहोमाने दोन्ही सामने जिंकले. अंतिम मालिकेत फ्लोरिडा स्टेटकडून पहिला सामना हरून त्यांनी पुढचे दोन पुन्हा जिंकले. म्हणजे ओक्लाहोमा सिटीत दोनदा पराभूत झालेला संघ आठ सामने खेळून विजेता ठरला, आणि ते त्यांच्या सलग चार विजेतेपदांपैकी पहिले होते.

यावरून नवख्यासाठी माझा स्पष्ट सल्ला असा आहे, की वेळ कमी असेल तर जिंकलेल्यांचा सामना सोडावा आणि हरलेल्यांचा पाहावा. जिंकलेल्यांच्या सामन्यात प्रशिक्षक थोडे राखून खेळतात, कारण पराभवाची एक सोय शिल्लक असते. हरलेल्यांच्या सामन्यात शेवटच्या वर्षाच्या मुलींची कारकीर्द कोणत्याही डावात संपू शकते आणि त्यातले प्रत्येक पाऊल तसे टाकलेले असते. यात कोणावरही अन्याय होत नाही का, हा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. जेम्स मॅडिसनने ओक्लाहोमाला एकदा हरवूनही त्यांचा हंगाम संपला, हे खरेच आहे. पण चार महिने खेळून आलेल्या संघाची परीक्षा एका दुपारवर अवलंबून ठेवण्यापेक्षा ही पद्धत मला अधिक न्याय्य वाटते. संघ खोलवर किती सशक्त आहे, हे तिच्यात उघड होते.

कोष्टक स्वतःच्या हाताने कागदावर काढावे आणि रोज भरत जावे. दुसऱ्या दिवशी वरच्या कोष्टकातून खालच्या कोष्टकात जाणारी रेघ आपण स्वतः ओढली, की पद्धत कायमची समजते.

चौथी पायरी: पिचरकडे पाहणे

कोष्टक आणि पिचर यांचा संबंध अगदी जवळचा आहे. खालच्या कोष्टकातून येणाऱ्या संघाला एकाच दिवशी दोन सामने खेळावे लागू शकतात. मग मुख्य पिचरला सकाळी खेळवायचे की संध्याकाळी, तिला तीन डावांनंतर थांबवून राखायचे की पुढे रेटायचे, हे प्रशिक्षकाला ठरवावे लागते. खालून हात फिरवून टाकलेल्या चेंडूने खांद्यावर ताण येतच नाही, ही जुनी समजूत चुकीची आहे. शिवाय बॅटरचाही अभ्यास चालू असतो. एकाच पिचरचे चेंडू ती तिसऱ्यांदा खेळायला येते, तेव्हा पहिल्या वेळी फसवणारा चेंडू तिच्या ओळखीचा झालेला असतो.

चेंडूंचे प्रकार थोडक्यात असे. राइज बॉल बॅटरजवळ येताना वर चढत असल्याचा भास होतो आणि बॅट त्याच्या खालून जाते. ड्रॉप बॉल शेवटच्या क्षणी खाली जातो आणि त्यावर लागलेला फटका बहुधा जमिनीलगत राहतो. कर्व्ह आणि स्क्रूबॉल बाजूला वळतात, एक आत तर दुसरा बाहेर. चेंजअपमध्ये हात त्याच वेगाने फिरतो, पण चेंडू मंद येतो. पहिल्या दोन-तीन डावांत पिचर यांतील काय जास्त टाकते आहे हे कागदावर लिहावे आणि पाचव्या डावात पुन्हा पाहावे. राइज बॉल कमरेच्या उंचीवर राहू लागले असतील, तर ती दमली आहे असे समजायला हरकत नाही, आणि मोठे फटके त्यानंतरच येतात.

याचे अलीकडचे उदाहरण २०२५ च्या स्पर्धेत दिसले. टेक्सस टेकची पिचर निजारी कॅनडी स्टॅनफर्ड सोडून या संघात आली होती आणि तिच्या नावाच्या वापराबद्दल तिला दहा लाख डॉलरहून अधिक रकमेचा करार मिळाला होता. सॉफ्टबॉलमध्ये असे पूर्वी झाले नव्हते. ओक्लाहोमा सिटीत ती एकामागून एक सगळे डाव टाकत राहिली. तिच्या बळावर टेक्सस टेकने उपांत्य फेरीत ओक्लाहोमाला ३-२ असे हरवून त्यांची सलग चार विजेतेपदांची मालिका खंडित केली. अंतिम मालिकेत समोर टेक्सस विद्यापीठ होते. पहिल्या सामन्यात सहाव्या डावापर्यंत टेक्सस टेक १-० असे पुढे होते. धोकादायक बॅटर रीस ॲटवुड हिला मुद्दाम चार बॉल (मारता येणार नाहीत असे बाहेरचे चेंडू) टाकून पहिला बेस देऊन टाकायचा असे त्यांनी ठरवले. तीन चेंडू बाहेर गेले. चौथा पुरेसा बाहेर गेला नाही आणि ॲटवुडने तो मारला. त्यावर दोन धावा झाल्या आणि सामना टेक्ससने २-१ असा जिंकला. दुसरा सामना टेक्सस टेकने ४-३ असा घेतला. तिसऱ्या सामन्यात मात्र टेक्ससच्या बॅटरनी पहिल्याच डावात पाच धावा केल्या आणि कॅनडीला थांबवावे लागले. १०-४ अशा विजयासह टेक्ससने आपले पहिले विजेतेपद मिळवले. त्यांची पिचर टीगन कॅव्हन सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली.

एका खेळाडूने संघाला एवढे दूर आणणे ही असामान्य कामगिरी आहे, आणि कॅनडीच्या त्या आठवड्याबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे. पण पाहणाऱ्याने त्यातून शिकायचे ते हे, की स्पर्धा सुरू होताना दोन्ही संघांकडे विश्वासाने चेंडू देता येतील अशा किती पिचर आहेत, हे आधी मोजावे. विजेत्याचा अंदाज बांधण्यासाठी मला यापेक्षा भरवशाची खूण आढळलेली नाही.

आकडेवारी पाहताना एक खबरदारी घ्यावी. पिचरची ईआरए, म्हणजे तिने दिलेल्या अर्जित धावांची (क्षेत्ररक्षणातील चुकांमुळे न झालेल्या धावांची) सरासरी, सॉफ्टबॉलमध्ये सात डावांवर काढतात. पिचरने ३५ डावांत १० अर्जित धावा दिल्या असतील, तर दहाला सातने गुणून पस्तीसने भागावे. उत्तर २.०० येते. बेसबॉलचा नऊ डावांचा आकडा डोक्यात ठेवून तुलना केली, तर चूक होते.

पाचवी पायरी: गुणपत्रक ठेवणे

शालेय स्पर्धेत ज्यांनी गुणलेखकाशेजारी बसून पाहिले असेल, त्यांना ही पद्धत परिचित असेल. क्षेत्ररक्षकांना क्रमांक असतात: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप ६, आणि आऊटफिल्डमध्ये डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकला आणि बॅटर बाद झाली, तर ६-३ लिहावे. तीन स्ट्राईकवर (हुकलेल्या किंवा खेळण्याजोगे असून सोडलेल्या चेंडूंवर) बाद झाल्यास इंग्रजी के हे अक्षर लिहितात, आणि तिसरा स्ट्राईक न खेळता उभ्या उभ्या बाद झाल्यास तेच अक्षर उलटे. एवढ्या सामग्रीवर एक सामना लिहून पाहावा. तिसऱ्या डावापर्यंत हात बसतो.

सहावी पायरी: संघ निवडणे आणि थोडा इतिहास जवळ ठेवणे

एनसीएएच्या काळात यूसीएलएची १२ विजेतेपदे आहेत. ॲरिझोनाने १९९१ ते २००७ या काळात प्रशिक्षक माइक कँड्रिया यांच्या हाताखाली आठ मिळवली. ओक्लाहोमाची आठपैकी पहिली २००० मध्ये आणि शेवटची चार २०२१ ते २०२४ या सलग वर्षांत आली. त्या सर्व आठ संघांच्या प्रशिक्षक पॅटी गॅसो होत्या. ओक्लाहोमाने २०२३ चा हंगाम ६१ विजय आणि एक पराभव असा संपवला, आणि त्यांची सलग विजयांची मालिका पुढच्या हंगामात ७१ पर्यंत गेली. दीर्घकाळ पश्चिमेकडील विद्यापीठांची मक्तेदारी असलेला हा खेळ कसा सरकत गेला, ते या आकड्यांवरून दिसते.

खेळाडूंपैकी काही नावे बोलण्यात नेहमी येतील. यूसीएलएची लिसा फर्नांडेझ हिने १९९६, २००० आणि २००४ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली. ॲरिझोनाची जेनी फिंच पिचर म्हणून सलग ६० सामने जिंकली. ओक्लाहोमाची जोसलिन आलो हिने मार्च २०२२ मध्ये आपल्या जन्मभूमीत, हवाईत, कारकिर्दीतील होम रनचा जुना विक्रम मोडला आणि १२२ वर कारकीर्द संपवली.

आपण किंवा घरातले कोणी ज्या विद्यापीठात शिकत असेल, तोच संघ निवडणे स्वाभाविक आहे. तसा दुवा नसेल, तर मानांकन नसलेला एखादा संघ रीजनलपासून धरावा. जुनी माहिती वाचताना हेही पाहावे, की २०२४ मध्ये कॉन्फरन्सची मोठी उलथापालथ झाली. टेक्सस आणि ओक्लाहोमा एसईसीत गेले, यूसीएलए बिग टेनमध्ये, ॲरिझोना बिग ट्वेल्व्हमध्ये आणि स्टॅनफर्ड एसीसीत. त्याआधीच्या लेखांतील गट आज लागू पडत नाहीत.

सातवी पायरी: वेळ आणि प्रवास

मे-जूनमध्ये ओक्लाहोमा सिटीचे घड्याळ भारताच्या साडेदहा तास मागे असते. तेथे सकाळी अकराला सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला सुरू होतो आणि तेथील संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला. रीजनलमध्ये पूर्व किनाऱ्यावरील मैदानांसाठी साडेनऊ तास आणि कॅलिफोर्नियासाठी साडेबारा तास धरावेत. नोकरदार माणसाला पहाटेचे सामने सोयीचे पडतात, तर शनिवार-रविवारी रात्रीचेही जमतात.

अमेरिकेतच राहणाऱ्यांनी प्रथम ओक्लाहोमा सिटीची तिकिटे शोधू नयेत. रीजनल जवळच्या विद्यापीठात असेल तर तेथे जावे. मैदाने लहान असतात, पिचरच्या बोटांची पकड दिसेल इतक्या जवळ बसता येते आणि डगआऊटमधून, म्हणजे खेळाडूंच्या बसण्याच्या जागेतून, चाललेला मुलींचा गजर कानावर पडतो. हा गजर या खेळाचा भाग आहे, त्यात समोरच्या संघाचा अवमान होत आहे असे मानू नये. अंतिम टप्प्याला जायचेच असेल, तर तिकिटे सत्रांप्रमाणे मिळतात आणि एका सत्रात बहुधा दोन सामने असतात. पारदर्शक पिशवीच न्यावी, कारण इतर पिशव्या आत नेऊ देत नाहीत. टोपी आणि पाणी यांच्याइतकीच पावसाची तयारीही ठेवावी. त्या दिवसांत ओक्लाहोमात वादळे येतात, जवळ वीज चमकली की खेळ थांबवून मैदान आणि प्रेक्षागृह रिकामे करतात, आणि शेवटच्या चमकेनंतर अर्धा तास गेल्याशिवाय खेळ सुरू होत नाही. रात्रीचा सामना मध्यरात्रीनंतर संपू शकतो. परतीचे विमान त्या हिशेबाने ठरवावे.

आठवी पायरी: ज्यांच्या घरी खेळणारी मुलगी आहे त्यांच्यासाठी

पहिल्या विभागातील प्रशिक्षकांना मुलगी अकरावीत गेल्यानंतरच्या १ सप्टेंबरपूर्वी तिच्याशी प्रवेशाबद्दल बोलण्याची परवानगी नाही. त्याआधी कोणी मध्यस्थ ‘जागा पक्की’ असल्याचे सांगू लागला, तर पैसे देऊ नयेत. २०२५-२६ पासून शिष्यवृत्तींच्या संख्येची जुनी मर्यादा जाऊन, खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या विद्यापीठांसाठी संघात २५ खेळाडूंची मर्यादा आली. त्यामुळे काही विद्यापीठांत पैसे वाढले तरी जागा मोजक्याच राहतात. दुसरा आणि तिसरा विभाग तसेच दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजे यांचा विचार सुरुवातीपासून करावा आणि अभ्यासक्रम आधी पाहावा, संघ नंतर.

महाविद्यालयानंतर खेळायला जागा नाही, हे आजवरचे दुःख थोडे कमी होत आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात एयूएसएल ही व्यावसायिक लीग सुरू झाली आणि मेजर लीग बेसबॉलने तिच्यात गुंतवणूक केली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येत आहे, आणि त्याचे सामने लॉस एंजेलिसमध्ये न होता ओक्लाहोमा सिटीच्या याच डेव्हन पार्कवर होणार आहेत. त्या वर्षी ऑलिंपिक पाहायचे असेल, तर आधीच्या दोन-तीन मे महिन्यांत महाविद्यालयीन स्पर्धा पाहून ठेवावी. अमेरिकेच्या संघातील बहुतेक नावे याच कोष्टकांतून आलेली असतील.